बोअर किती दिलाय? मोटोजीपीचा २०२७चा हंगाम समजून घेताना

रविवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये बसलो होतो. भाच्यानं मोबाइल पुढं धरला. "मामा, २०२७पासून मोटोजीपीच्या गाड्या हजारऐवजी साडेआठशे सीसीच्या होणार. पॉवर गेली, स्पीड गेला. मग बघायचं काय?" गॅरेजवाले काका एका जुन्या बाइकचं हेड उतरवत होते. हातातला पाना न थांबवता त्यांनी विचारलं, "बोअर किती दिलाय?"

काकांनी कधी मोटोजीपीची शर्यत पूर्ण पाहिली असेल असं वाटत नाही. पण मे २०२४ मध्ये हे नियम जाहीर झाल्यापासून मी जेवढं वाचलं, त्यात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच दिसला. मथळ्यात सगळीकडे ८५० हा आकडा आहे. सगळा खेळ मात्र ७५ या आकड्यात आहे, आणि तो काकांनी विचारलेला बोअरचा आकडा आहे, मिलिमीटरमध्ये.

ज्यांनी ही स्पर्धा कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मोटोजीपी ही मोटरसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद मालिका. १९४९पासून सुरू आहे आणि तिची सूत्रं आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाकडे आहेत. शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंट, रविवारी मुख्य शर्यत. सध्या डुकाटी, एप्रिलिया, केटीएम, होंडा आणि यामाहा या पाच कंपन्या गाड्या उतरवतात, आणि त्या गाड्या शोरूममध्ये मिळत नाहीत. फक्त शर्यतीसाठीच बनतात. वजन १५७ किलो, म्हणजे आपल्या पल्सर १५०पेक्षा थोडंसंच जास्त. ताकद मात्र तीनशे हॉर्सपॉवरच्या घरात, म्हणजे पल्सरच्या वीसपट. या एका तुलनेवरून लक्षात यावं की त्या गाडीवर बसणारा माणूस कशावर बसलेला असतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे.

सिलिंडरच्या तोंडाची रुंदी म्हणजे बोअर. पिस्टन त्यात वरून खाली जेवढा सरकतो तो स्ट्रोक. सीसी म्हणजे या दोन्हींचा मिळून होणारा घनफळाचा हिशोब. आज मोटोजीपीत बोअर जास्तीत जास्त ८१ मिमी ठेवता येतो. चार सिलिंडर, एकूण हजार सीसी, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला २५०. गणित करून पाहिलं तर स्ट्रोक येतो साधारण ४८.५ मिमी. २०२७मध्ये बोअरची मर्यादा ७५ मिमी होणार. घरातल्या फुलपात्राचं तोंड जवळपास तेवढंच असतं. ८५० सीसीचे चार भाग केले तर एकाच्या वाट्याला २१२.५, आणि स्ट्रोक येतो सुमारे ४८.१ मिमी. म्हणजे पिस्टन रुंदीला कमी झाला, पण त्याची वर-खाली येरझार जवळजवळ तेवढीच राहिली. तीन बोटं जोडून धरली की होते तेवढी.

हे महत्त्वाचं का? कारण इंजिनाची ताकद शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबते: ते दर सेकंदाला किती हवा ओढतं. हवा ओढली की तेवढं इंधन जाळता येतं. आणि हवा किती ओढली जाणार हे ठरतं पिस्टनच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर आणि पिस्टन किती वेगानं पळतो त्यावर. या गाड्यांची इंजिनं मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फेरे घेतात. सेकंदाला तीनशे. दर फेऱ्यात पिस्टन एकदा खाली, एकदा वर. त्यामुळे त्याचा सरासरी वेग सेकंदाला एकोणतीस मीटरच्या पुढे जातो. धातू, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग यांची सहनशक्ती इथेच संपत येते. याहून फार वेगानं पिस्टन पळवला तर इंजिन शर्यत संपेपर्यंत टिकत नाही.

समजा, नियम करणाऱ्यांनी फक्त सीसी कमी केले असते आणि बोअर ८१ मिमीच ठेवला असता. मग ८५० सीसीसाठी स्ट्रोक आखूड करून ४१ मिमीवर आणला असता. पिस्टनला कमी अंतर जायचं, म्हणजे त्याच वेगात फेरे वाढवता येतात: अठरा हजारांचे एकवीस हजारांच्या वर. आणि कागदावर हिशोब मांडला की गंमत कळते. पिस्टनचं तोंड तेवढंच, वेग तेवढाच, म्हणजे दर सेकंदाला ओढलेली हवाही तेवढीच. सीसी दीडशेनं कमी होऊनही ताकद जिथल्या तिथे! काकांनी नेमकं हेच विचारलं होतं. तोंड लहान केल्याशिवाय ताकद कमी होत नाही.

७५ मिमी केल्यावर चार पिस्टनचं मिळून क्षेत्रफळ २०६ चौरस सेंटीमीटरवरून १७७वर येतं. साधारण चौदा टक्के घट. स्ट्रोक जवळपास तसाच असल्यामुळे फेरे वाढवून ती भरून काढायला फारशी जागा उरत नाही. हा माझा वहीतला हिशोब आहे. प्रत्यक्षात इंजिनिअर लोक ज्वलन सुधारून, घर्षण कमी करून त्यातलं काही परत मिळवतील. पण घट कुठून होणार आहे हे यातून स्पष्ट दिसतं.

२००७चा धडा

एवढी काळजी का घ्यावी लागली? कारण एकदा हात पोळलेले आहेत. २००२मध्ये पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या जाऊन ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या. त्या फार वेगवान झाल्या म्हणून २००७मध्ये क्षमता ८०० सीसीवर आणली. टाकीतलं पेट्रोल २२ लिटरचं २१ केलं. बोअरला मर्यादा घातली नाही.

मग व्हायचं तेच झालं. कंपन्यांनी स्ट्रोक आखूड केला, फेरे वाढवले. सरळ रस्त्यावरचा वेग फार काळ कमी राहिला नाही. उलट इंजिनाचा दम वरच्या फेऱ्यांत अडकला, खालून ओढ कमी झाली, त्यामुळे वळणात वेग टिकवून ठेवणं हीच जिंकायची एकमेव रीत उरली. वळणातला वेग वाढला. सगळे एकाच रेषेवरून, एकामागोमाग. आगगाडीचे डबे जसे. पहिल्या वर्षी डुकाटीच्या केसी स्टोनरनं १८पैकी १० शर्यती जिंकून अजिंक्यपद घेतलं, आणि त्याचं कौतुक मला आजही आहे. पण त्या काळातल्या बऱ्याच शर्यतींत तिसऱ्या फेरीनंतर पुढं काय होणार हे कळायचं. २०१२मध्ये परत १००० सीसी आले, आणि त्याच वेळी ८१ मिमीची मर्यादा आली. म्हणजे बोअरचं महत्त्व तेव्हाच पटलं होतं. २०२७मध्ये दोन्ही आकडे एकत्र खाली येताहेत, हे मला या नियमांतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

आता कुणी विचारेल, पण वेग कमी करायचाच कशाला? लोक वेग बघायलाच तर येतात.

२०२३मध्ये इटलीतल्या मुजेल्लोला ब्रॅड बाइंडरनं केटीएमवर ताशी ३६६.१ किलोमीटर वेग नोंदवला. ३६० धरला तरी तो सेकंदाला बरोबर शंभर मीटर होतो. डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत गाडी तीस-चाळीस मीटर पुढे. ब्रेक लावायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर पन्नास मीटर गेले. ट्रॅकच्या कडेला जी खडीची किंवा डांबराची मोकळी जागा असते, ती त्या पन्नास मीटरसाठी असते. ती वाढवता येत नाही. मागे डोंगर असतो, रस्ता असतो, कुणाचं तरी शेत असतं. नेदरलँड्समधलं ॲसेन तर पहिल्या वर्षापासून, १९४९पासून कॅलेंडरवर आहे. तिथे प्रेक्षक बसतात ते मातीचे बांध ट्रॅकच्या जवळच आहेत. गाड्यांचा वेग वाढत गेला, जागा तेवढीच राहिली.

आणि आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणून वेग ३६०वरून ३४०वर आला, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के उतरला, तरी गाडीत साठलेली ऊर्जा अकरा टक्के कमी होते. प्रेक्षकाला वीस किलोमीटरचा फरक डोळ्यांनी कळणारही नाही. घसरत चाललेल्या स्वाराला तो भिंतीपाशी कळतो.

मागच्याला हवा मिळाली पाहिजे

वेगाचं झालं. पण हे नियम वाचताना मला सगळ्यात जास्त रस आहे तो मागून येणाऱ्या गाडीत. गेल्या काही वर्षांत मोटोजीपीला खरं दुखणं जडलंय ते तिथे.

हायवेला बाइकवर एसटीच्या मागे गेला असाल तर हे अंगावर आलेलं आहे. एसटीच्या मागे आलात की वारा लागत नाही, गाडी आपोआप ओढली जाते. बाहेर काढली की वाऱ्याचा दणका बसतो, हँडल हलतं. शर्यतीत पूर्वी याच ओढीचा फायदा घेऊन मागचा पुढे निसटायचा. आता पुढच्या गाडीला पंख आहेत. तोंडाला, बाजूला, शेपटीला. ते हवा खाली दाबतात, त्यामुळे पुढचं चाक जमिनीला चिकटून राहतं. पण त्या पंखांवरून निघालेली हवा ढवळलेली असते. मागच्या गाडीच्या पंखांना ती लागली की ते अर्धवट काम करतात. ब्रेक मारताना गाडी पुढे ढकलली जाते, वळणात पुढचं चाक बाहेरच्या बाजूला जातं.

त्याहून वाईट गोष्ट टायरची. पुढच्या गाडीच्या इंजिनाची, ब्रेकची, एक्झॉस्टची गरम हवा मागच्याच्या तोंडावर येते. पुढचं टायर तापतं, आतली हवा फुगते, दाब वाढतो, टायरचा जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, पकड जाते. मग स्वार मागे राहून टायर थंड करतो. म्हणजे जवळ जायचं तर टायर जातं, टायर वाचवायचं तर अंतर पडतं.

यावर आणखी एक नियम आहे: पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार दाब शर्यतीच्या साठ टक्के फेऱ्यांत असलाच पाहिजे. कमी दाबाचं टायर जास्त पकड देतं पण ते धोक्याचं, म्हणून ही अट. त्यामुळे टीमला शर्यतीआधीच अंदाज बांधावा लागतो की आपला गडी पुढे एकटा पळणार की गर्दीत अडकणार. एकटा पळणार असेल तर दाब थोडा जास्त भरायचा, गर्दीत जाणार असेल तर कमी. अंदाज चुकला तर काय होतं ते मार्च २०२५मध्ये थायलंडच्या बुरीरामला जगानं पाहिलं. डुकाटीचा मार्क मार्केझ पहिल्या फेरीपासून पुढे. सातव्या फेरीत त्यानं अचानक गाडी हळू केली आणि आपल्याच भावाला, ॲलेक्सला, पुढे जाऊ दिलं. समालोचकांना कळेना, गाडी बिघडली की काय. बिघडलं काहीच नव्हतं. मोकळ्या हवेत त्याचं पुढचं टायर थंड राहत होतं आणि दाब मर्यादेच्या खाली होता. भावाच्या मागची गरम हवा घेऊन त्यानं तो वाढवला, पुरेशा फेऱ्या भरल्या आणि शेवटच्या काही फेऱ्यांत परत पुढे जाऊन जिंकला. पुढच्याच महिन्यात कतारला मावेरिक विन्यालेस केटीएमवर दुसरा आला. दाब कमी भरला म्हणून सोळा सेकंदांचा दंड झाला आणि तो चौदावा ठरला. त्या रात्री पोडियमवर उभ्या राहिलेल्या त्या माणसाचा चेहरा आठवला की मला आजही वाईट वाटतं. गाडी त्यानं अप्रतिम चालवली होती.

२०२७चे नियम पंख काढून टाकत नाहीत, छाटतात. गाडीच्या तोंडाचा वरचा भाग पन्नास मिमीनं अरुंद होणार, ६००चा ५५०. नाकही पन्नास मिमी मागे ढकललं जाणार. शेपटीकडची उंची १२५० मिमीवरून ११५०वर येणार, आणि मागच्या पंखांचा आकार आता हंगामात एकदाच बदलता येईल; आजवर कंपन्या तिथे मनाला येईल ते लावत होत्या. पन्नास मिमी म्हणजे किती ते हातात पट्टी धरून पाहा, फार वाटणार नाही. पण नाक हे हवेला पहिल्यांदा कापणारं पातं. तिथले पाच सेंटीमीटर मागे आले की पंखाला मिळणारा दाब कमी होतो आणि मागे जाणारा गोंधळही कमी होतो. पुरेसा कमी होईल का? माझ्या मते आणखी छाटायला हवं होतं. कंपन्यांनी पंखांवर एवढा पैसा घातला आहे की ते पूर्ण काढायला कुणी तयार झालं नसतं, हेही खरं.

पंखांच्या जोडीनं आलेली दुसरी गोष्ट मात्र पूर्ण जाणार, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. गाडी खाली बसवायची यंत्रणा.

ती समजायला बजाजची एम-एटी आठवा. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून चढाला लागलेली. पुढचं चाक हलकं, हँडल हातात नसल्यासारखं, जोरात ॲक्सिलरेटर पिळला तर पुढचं उचललंच म्हणून समजा. मोटोजीपीच्या गाडीला तीनशे घोडे जुंपले की तेच होतं, तिसऱ्या-चौथ्या गिअरलाही. म्हणून वळणातून निघताना स्वाराला मनगट आवरतं ठेवावं लागायचं. डुकाटीनं यावर युक्ती काढली. २०१८च्या शेवटी सुरुवातीच्या क्षणापुरती, आणि २०२०पासून धावतानाही, स्वारानं कळ दाबली की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. गाडीचं वजन जमिनीजवळ येतं, पुढचं चाक उचलत नाही, मग पूर्ण ॲक्सिलरेटर लवकर उघडता येतो. इलेक्ट्रॉनिक्सला परवानगी नाही म्हणून सगळं हायड्रॉलिक आणि स्प्रिंगवर. युक्ती म्हणून बुद्धिमान, यात शंका नाही. सगळ्यांनी उचलली. धावताना पुढची बाजू खाली बसवणारं उपकरण २०२३पासून बंद झालं, मागचं चालू राहिलं.

परिणाम असा झाला की वळणातून बाहेर पडण्याचं जे कसब होतं, मागचं चाक थोडं सरकू देणं, पुढचं दोन बोटं उचलू देणं, शरीर टाकीवर झोकून ते परत बसवणं, त्यातला बराच भाग कळ दाबण्यावर आला. सगळे सारख्याच जोरानं बाहेर पडू लागले. त्यात ब्रेक मारायचं अंतर आखूड झालं, आणि ओव्हरटेक करायची जागा म्हणजे ते अंतरच. शंभर मीटरमध्ये थांबायचं असेल तर दुसऱ्याच्या आत घुसायला सवड असते. सत्तर मीटरमध्ये थांबणाऱ्या दोन गाड्यांत ती उरत नाही. २०२७मध्ये सुरुवातीची आणि धावतानाची, दोन्ही प्रकारची उपकरणं बंद.

टाकी, टायर आणि बाकीचं

मराठी माणूस बाइक बघितली की पहिला प्रश्न विचारतो: ॲव्हरेज किती देते? तर हिशोब असा. बुरीरामची शर्यत २६ फेऱ्यांची, जवळपास ११८ किलोमीटर. टाकी २२ लिटरची. सगळं पेट्रोल संपलं असं धरलं तर लिटरला साडेपाच किलोमीटरच्या आत. २०२७मध्ये टाकी २० लिटरची होणार, म्हणजे लिटरला सहाच्या जवळ पोचावं लागणार. स्प्रिंटसाठी १२चे ११ लिटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेवटच्या फेऱ्यांत पेट्रोल पुरवण्यासाठी इंजिनचा संगणक ताकद आवरतो, आणि तिथेच एखादा स्वार मागे पडतो.

इंधन कसलं हे जास्त मोठं. २०२४पासून किमान चाळीस टक्के भाग जीवाश्म नसलेल्या स्रोतांतला असावा लागतो. २०२७पासून शंभर टक्के. म्हणजे शहरातला कचरा, खाण्यात न येणारा जैविक भाग किंवा हवेतून पकडलेला कार्बन यांपासून प्रयोगशाळेत बनवलेलं पेट्रोल. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी याची गल्लत करू नये. आपलं इथेनॉल बरंचसं ऊस आणि धान्यातून येतं आणि त्याची रासायनिक जातच वेगळी, म्हणून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि ॲव्हरेजबद्दल लोक बोलतात. शर्यतीतलं नवं इंधन रचनेनं पेट्रोलच असतं, फक्त त्याचा कच्चा माल जमिनीखालून काढलेला नसतो. ते आज महाग आहे. पण सामान्य इंजिनात न बदलता चालणारं असं इंधन उद्या स्वस्त झालं तर रस्त्यावरच्या कोट्यवधी जुन्या दुचाकींना त्याचा उपयोग आहे, म्हणून इथे होणाऱ्या प्रयोगाकडे आपलं लक्ष असायला हवं.

किमान वजन १५७वरून १५३ किलो. गिअरचे वेगवेगळे जोड हंगामभरात २४ऐवजी १६च वापरता येतील, आणि प्रत्येक स्वाराला वर्षभरात एक इंजिन कमी मिळेल. हे सगळं खर्च आवरण्यासाठी, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

टायरचं मात्र आहे. २०१६पासून मिशलिन सगळ्यांना टायर पुरवत होती, २०२७पासून पिरेली. मोटो२ आणि मोटो३ या खालच्या गटांत पिरेली २०२४पासून आहेच. नवं इंजिन, छाटलेले पंख, खाली बसणारी यंत्रणा नाही, आणि वर पूर्ण वेगळं टायर: एवढं सगळं एकाच हिवाळ्यात बदलणं या स्पर्धेत क्वचितच झालं आहे. टायर बदललं की ज्या स्वाराची शैली त्या रबराला मानवते तो वर येतो आणि ज्याला मानवत नाही तो, कालचा राजा असला तरी, गोंधळतो. मला विचाराल तर २०२७चा निकाल इंजिनापेक्षा पुढच्या पिरेलीवर जास्त ठरेल.

आता बरोबरीच्या संधीबद्दल. गेली काही वर्षं डुकाटी सगळ्यांच्या पुढे होती, आणि २०२५चं अजिंक्यपद मार्क मार्केझनं त्यांच्याच गाडीवर जपानच्या मोतेगीला, शर्यती शिल्लक असतानाच, घेतलं. मागे पडलेल्यांना सवलती देण्याची एक व्यवस्था आहे: कंपन्यांना गुणांच्या टक्केवारीवरून ए ते डी असे चार वर्ग. ए वर्गाला सरावाची टायरं कमी. डी वर्गाला भरपूर सराव आणि इंजिनात हंगामातही बदल. होंडा आणि यामाहा सुरुवातीला डीमध्ये होत्या. २०२७मध्ये सगळ्यांची पाटी कोरी: पाचही कंपन्या बी वर्गापासून सुरू करतील आणि हंगामाच्या मध्यावर परत मोजमाप होईल. शिवाय प्रत्येक सत्रानंतर सगळ्या स्वारांची जीपीएसची माहिती सगळ्या टीमना मिळेल. कोणी कुठे ब्रेक मारला, वळणात किती वेगानं गेला, हे आजवर मोठ्या कंपनीच्या चार-सहा गाड्यांच्या आपापसात फिरायचं. आता दोनच गाड्यांच्या जोरावर लढणारी छोटी टीमही सोमवारी बसून ते वाचू शकेल.

यात आपलं काय, असं भाच्यानं विचारलं नव्हतं, पण मी सांगितलंच. केटीएम ऑस्ट्रियाची. तिच्या छोट्या ड्यूक गाड्या आपल्या चाकणला बनतात, आणि पुण्याच्या बजाज ऑटोनं तिच्यात २००७मध्येच भाग घेतला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. २०२५मध्ये तिला वाचवायला बजाजनं पैसा ओतला आणि कंपनीची सूत्रं हातात घेतली. म्हणजे ३६६चा आकडा लावणाऱ्या त्या नारिंगी गाडीच्या मागचा निर्णय आता आकुर्डीशी, म्हणजे बजाजच्या मुख्य कार्यालयाशी जोडलेला आहे. एप्रिलियाची रस्त्यावरची आरएस ४५७ बारामतीला बनते. आणि मुंबईच्या महिंद्रानं २०१२ ते २०१७ मोटो३मध्ये स्वतःची गाडी उतरवली होती. २०१६मध्ये ॲसेनला तिला पहिला विजय मिळवून देणारा पोरगा होता फ्रान्चेस्को बान्याया, जो पुढे २०२२ आणि २०२३चा मोटोजीपी अजिंक्यवीर झाला. हे ऐकून काकांनी पहिल्यांदा पाना खाली ठेवला. "महिंद्राची? आपली महिंद्रा?"

हो, आपली. आणि सप्टेंबर २०२३मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी भारतात आलीही होती. उकाड्यानं शर्यत २४ फेऱ्यांवरून २१वर आणावी लागली, मार्को बेझेक्की जिंकला. २०२४ची शर्यत रद्द झाली. तिथे पुन्हा ते इंजिन ऐकायला मिळावं असं वाटणारे आपल्याकडे खूप आहेत, मीही त्यांतला एक.

२०२७ची पहिली शर्यत लावाल तेव्हा पहिले दहा सेकंद चुकवू नका. आज लाल दिवे विझतात तेव्हा सगळ्या गाड्या खाली बसलेल्या असतात, बावीस गाड्यांची पुढची चाकं जमिनीला चिकटून निघतात, आणि पहिल्या वळणावर क्रम जवळजवळ तसाच असतो. त्या दिवशी खाली बसवायला काही नसेल. पुढची चाकं उचलतील. कुणाचं एक वीत, कुणाचं हातभर. ज्याचं जास्त उचललं त्याला क्लच परत धरावा लागेल, शेजारचा निसटेल, दुसऱ्या ओळीतला कुणीतरी मधून येईल. भाच्यानं तो रविवार आतापासूनच गॅरेजमध्ये बघायचा ठरवलाय. काका टीव्ही आणणार आहेत.